फोर्टातल्या विद्यापीठात वर्ग कुठे आहेत?

ओव्हलकाठी (धागाकर्ता)

मागच्या रविवारी अकरावीतल्या भाच्याला 'विद्यापीठ दाखवतो' म्हणून फोर्टात नेलं. चर्चगेटला उतरलो, ओव्हल मैदान ओलांडलं. राजाबाई टॉवर, पदवीदान सभागृह, बाहेरून वर चढणारे ते गोल जिने, सगळं कुंपणाबाहेरून बघून झालं. पोरगं पाच मिनिटं गप्प होतं. मग म्हणालं, "मामा, वर्ग कुठे आहेत?"

मी म्हटलं, कलिन्याला, तिकडे उपनगरात.

"मग हे काय आहे?"

प्रश्न बिनतोड होता. घरी येऊन दोन-चार रात्री जुनं वाचत बसलो आणि हा धागा काढतोय. चुकलं तर कान धरा.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ चं. लंडन विद्यापीठाचा तेव्हाचा नमुना समोर होता, म्हणजे परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या, कॉलेजं संलग्न करायची. शिकवायचं काम एल्फिन्स्टन, विल्सन, ग्रँट मेडिकल यांचं. त्यामुळे विद्यापीठाला जागा लागायची ती दप्तराला आणि वर्षातून एकदा समारंभाला. सुरुवातीची बरीच वर्षं टाउन हॉलमध्ये भागलं.

आता तिकडे शहरात काय चाललं होतं बघा. फोर्टाला, म्हणजे जुन्या लोकांच्या 'कोटा'ला, तट होता. तीन दरवाजे: अपोलो, चर्च आणि बझार. तटाबाहेर एस्प्लनेडचं मोकळं मैदान. तोफांच्या माऱ्यात आडोसा नको म्हणून तिथं बांधकामाला मनाई. १८६० च्या सुमारास हल्ला करायला कुणी उरलं नव्हतं आणि आत माणसं मात्र कोंबून भरलेली. बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये गव्हर्नर झाले आणि त्यांनी तट पाडायला काढला. त्यासाठी रॅम्पार्ट रिमूव्हल कमिटी (तट हटवायची समिती) नेमली आणि तिचा वास्तुरचनाकार जेम्स ट्रुबशॉ. हे नाव लक्षात ठेवा, धाग्यात पुन्हा येणार आहे.

ट्रुबशॉच्या आराखड्यात सरकारी इमारती सुट्या सुट्या विखरून नव्हत्या. त्या मैदानाच्या कडेनं, समुद्राकडे तोंड करून, एका रांगेत. दक्षिणेकडून चालत या: जुनं सचिवालय, विद्यापीठाचं सभागृह, ग्रंथालय आणि टॉवर, हायकोर्ट, पीडब्ल्यूडीचं ऑफिस, तार ऑफिस. तेव्हा समोर मैदान, त्यापलीकडे रेल्वेची जागा आणि लगेच बॅकबेचं पाणी. पश्चिमेचं वारं थेट व्हरांड्यात. गोदीत उतरलेला साहेब फोर्ट ओलांडून या बाजूला आला की राज्य कुणाचं आहे हे त्याला एका नजरेत कळावं, असा बेत दिसतो.

म्हणजे विद्यापीठाला मिळाली ती या रांगेतली एक खुर्ची. बसायला झकास, पण पाय पसरायला जागा नाही. समोर मैदान, मागे एस्प्लनेड रोड (आजचा महात्मा गांधी रस्ता), उजव्या हाताला कोर्ट, डाव्या हाताला सचिवालय. त्या खुर्चीत तेव्हाच्या विद्यापीठाला हवं ते सगळं बसलं: पदवी द्यायला एक सभागृह, पुस्तकांना एक इमारत आणि मिरवायला मनोरा. वर्ग बांधायचे राहून गेले असं नाही. ते मागितलेच नव्हते.

पुढे विद्यापीठाला शिकवायची इच्छा झाली तेव्हा शहरानं चारही बाजूंनी दारं लावून घेतली होती.

---

मीनल_माटुंगा

वाखूसा (वाचनखूण साठवली)! अगदी माझ्या मनातला विषय.

एक भर घालते. विद्यापीठानं स्वतः शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या पहिल्या विभागांपैकी एक होता समाजशास्त्राचा, १९१९ सालचा. आणि प्रमुख कोण? पॅट्रिक गेडिस. शहररचनाकार! विभागाचं नावही 'समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र' अशा जोडीचं. या गृहस्थांनी १९१५ मध्ये ठाणं, वांद्रे, सुरत, अहमदाबाद अशा गावांवर अहवाल लिहिले होते. सरसकट पाडू नका, आधी गल्लीतून पायी हिंडा, विहिरी-तळी-झाडं बघा, मग जेवढी लागेल तेवढीच शस्त्रक्रिया करा, हे त्यांचं सांगणं. त्यांच्यानंतर घुर्ये आले.

तर ज्या विद्यापीठानं शहररचनाकाराला समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक नेमला, त्याच विद्यापीठाला स्वतःचे विभाग मांडायला शहरात सलग जागा नाही. यावर गेडिस काय म्हणाले असते कोण जाणे.

---

जुना_कारकून

धागा चांगला आहे, पण मला एक पटत नाही. सगळं श्रेय आराखड्याला देताय. आराखडे कपाटात पुष्कळ पडलेले असतात, आम्ही ते झटकले आहेत. इमारती उभ्या राहिल्या त्या कापसावर.

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी, मँचेस्टरला कापूस मिळेना, मुंबईत पैशाचा पाऊस. प्रेमचंद रायचंदांनी ग्रंथालयाला दोन लाख दिले आणि १८६४ मध्ये आईच्या, राजाबाईच्या, नावानं मनोरा बांधा म्हणून आणखी दोन लाख. कावसजी जहांगीर रेडीमनींनी सभागृहाला एक लाख. आणि १८६५ च्या जुलैत सगळा फुगा फुटला, खुद्द प्रेमचंद बुडाले. देणगी वर्षभर लांबली असती तर तुमच्या रांगेतल्या त्या खुर्चीवर आज बहुधा एखादं साधं दुमजली दप्तर असतं.

नकाशे काढणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट तर मुंबईला कधी फिरकलाही नाही. लंडनमध्ये बसून सभागृह फ्रेंच गॉथिक, ग्रंथालय व्हेनिसच्या वळणाचं. आपण कुर्ल्याचा दगड लावून ते उभं केलं. काम १८६९ मध्ये सुरू झालं, सभागृह १८७४ ला आणि टॉवर १८७८ ला पुरा झाला. उंची २८० फूट. एवढी उंच इमारत तेव्हा शहरात दुसरी नव्हती.

आणि भाच्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर: मनोऱ्याला आपलं नाव देणारा दाता मिळतो. वर्गखोलीला कोण देणार?

---

ओव्हलकाठी

कारकूनकाका, शेवटची ओळ वाचून हसलो आणि मग गप्प बसलो.

मान्य, पैसा कापसाचा. पण तो पैसा कुठे उतरावा हे आराखड्यानं ठरवलं. शिवाय पाडलेल्या तटाच्या जागेचे भूखंड लिलावात काढले, तेही तेजीतल्या भावानं. म्हणजे कापूस आणि नकाशा एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत. तट पाच वर्षं आधी पडला असता तर पैसा नव्हता, पाच वर्षं उशिरा पडला असता तरी नव्हता.

टॉवरवरच्या मूर्ती कुणी नीट पाहिल्यात का? पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे चोवीस पुतळे आहेत. ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्या इंजिनियरनं. स्कॉट लंडनमध्ये, आणि पागोट्याची घडी बरोबर बसवणारा माणूस इथला.

---

स्वच्छंदी_मी

राजाबाईला म्हणे दिसत नव्हतं. जैन असल्यानं सूर्यास्ताआधी जेवायचं, म्हणून मुलानं घड्याळाचे ठोके ऐकू यावेत यासाठी टॉवर बांधला. आजी सांगायची.

---

जुना_कारकून

सगळ्यांच्याच आज्या सांगायच्या. गोष्ट गोड आहे, चालू द्या.

---

गणेशखिंडीतला

ट्रुबशॉचं नाव काढलंत आणि मी खुर्चीतून उठलोच. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, ती मनोऱ्याची, याच ट्रुबशॉची! आणि गव्हर्नरही तेच फ्रिअर. फक्त ती विद्यापीठासाठी बांधलीच नव्हती. पावसाळ्यात गव्हर्नरसाहेबांचा मुक्काम पुण्याला, त्यासाठी गणेशखिंडीचं गव्हर्नमेंट हाउस. त्याआधी हा मुक्काम दापोडीला असायचा. (रत्नागिरीकरांनी धावून येऊ नये, ही खडकीजवळची दापोडी.) बांधकाम १८६४ ला सुरू आणि १८७१ ला पुरं. खर्च एवढा फुगला की पार्लमेंटात बोंब झाली.

जागा इथंच का? खडकीची छावणी हाकेच्या अंतरावर आणि गाव बऱ्यापैकी लांब. १८१७ च्या नोव्हेंबरात पेशव्यांची फौज हरली ती याच माळाच्या आसपास. गव्हर्नरला शहरात राहायचं नव्हतं, शहरावर राहायचं होतं. याच बंगल्यातला राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, २२ जून १८९७ च्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर चाफेकरांनी रँडला गाठलं. त्या वेळचा तो रस्ता डोळ्यापुढे आणा: दोन्ही बाजूंना अंधार आणि गाड्यांच्या कंदिलांची रांग. शहर आणि बंगला यांच्यामधलं अंतर मुद्दाम राखलेलं होतं, आणि त्या रात्री तेच अंतर साहेबाला भोवलं.

स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरला एवढ्या पसाऱ्याची गरज उरली नाही. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी पुढाकार घेतला आणि ४११ एकर विद्यापीठाला मिळाले. एक तुकडा राजभवन म्हणून राहिला, तो आजही शेजारीच आहे.

म्हणजे मुंबईला सरकारनं रांगेतली खुर्ची दिली आणि पुण्याला आख्खा रिकामा वाडा! मोकळ्या जागेचा परिणाम पुढे काय झाला बघा. १९८८ मध्ये नारळीकरांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली ती याच आवारात, चार्ल्स कोरियांच्या इमारतीत. रेडिओ खगोलशास्त्राचं एनसीआरए आहे, संगणकवाल्यांचं सी-डॅक आहे, पेशीविज्ञानाचं केंद्र आहे. फोर्टात तुम्ही आयुका कुठे ठेवली असती? ओव्हलवर, स्टंपांच्या मधे?

---

विटीदांडू

गणेशखिंडीतला, वाड्याचं कौतुक पुरे. आम्ही औंधकर रोज सकाळी त्या वाड्याला प्रदक्षिणा घालतो.

आवार ४११ एकर, त्याला लागून राजभवन, पुढे कृषी महाविद्यालयाची शेतं. मधून आडवा रस्ता एकही नाही. औंध, बाणेर, पाषाण, सगळीकडची माणसं विद्यापीठ चौकात येऊन एका नरसाळ्यात ओतली जातात आणि गणेशखिंड रस्त्यानं शिवाजीनगरला जातात. हिंजवडी झाल्यावर तर विचारू नका. त्या चौकात उड्डाणपूल बांधला, मग मेट्रोला आड येतो म्हणून २०२० च्या लॉकडाउनमध्ये तोच पाडला, मग दुमजली नवा. तुम्ही ज्याला 'गव्हर्नरनं राखलेलं अंतर' म्हणता ते आमच्या स्कूटरच्या पेट्रोलमधून वसूल होतं.

आवारातून एक रस्ता सार्वजनिक करा, अर्धा प्रश्न मिटेल.

---

गणेशखिंडीतला

अजिबात नको! एक रस्ता सार्वजनिक केलात की दुसऱ्या वर्षी त्याला दुभाजक, तिसऱ्या वर्षी रुंदीकरण. ते वड पाहिलेत का? गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणात झाडांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

---

विटीदांडू

वडाचं मलाही वाईट वाटतं. पण विद्यापीठानं चारी बाजूंनी कुंपण घालून 'आम्ही शहराचा भाग नाही' म्हणायचं आणि चौकातल्या धुराला शहरानं जबाबदार व्हायचं, हे काही बरोबर नाही. निदान सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी तरी आरपार वाट द्या. तेवढ्यानं वड पडणार नाहीत.

---

गणेशखिंडीतला

सायकलला माझी ना नाही. हे लिहून घ्या, उद्या बदलणार नाही.

---

कोल्हापुरी_ठसका

मुंबई-पुण्याचं भांडण संपलं असेल तर आमचंही ऐका की.

शिवाजी विद्यापीठ, १९६२. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. जागा कुठली? सागरमाळ. गावाच्या कडेचा उघडा माळ, पाण्याच्या नावानं ठणठणाट, गवत सोडून काही येत नव्हतं. ८५३ एकर! ना गव्हर्नरचा उरलेला बंगला, ना तटाची पडकी जागा. माळ आहे, बांधा म्हणाले. तळी खोदली, विहिरी घेतल्या, पावसाचं पाणी अडवलं, झाडं लावली. आज त्या तळ्यांवर पक्षी बघायला माणसं जातात.

माझे आजोबा म्हणायचे, "एवढ्या लांब माळावर कोण पोरगं शिकायला जाणार?" आता माळाच्या चारी अंगांनी गाव आलंय. शहर विद्यापीठाकडं चालत आलं. तुमच्याकडं विद्यापीठ शहरामागं पळतंय.

---

मीनल_माटुंगा

ठसका, शेवटचं वाक्य झकास!

आता माझ्या माटुंग्याबद्दल लिहिते, त्याशिवाय चित्र पुरं होत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, १८९८ साली. त्यानं दादर-माटुंगा-शीव पट्ट्यात आखीव वस्त्या काढल्या. रुंद रस्ते, कडेनं झाडं, मधे पाच बागा. आणि या आखणीत शिक्षणसंस्थांनाही ऐसपैस जागा मिळाल्या. १९२३ मध्ये व्हीजेटीआय हे इंजिनियरिंग कॉलेज भायखळ्याहून इकडे आलं. मग खालसा, रुईया, पोदार ही कॉलेजं. विद्यापीठाचा तेव्हाचा रसायन-तंत्रज्ञान विभाग, ज्याला आम्ही अजून यूडीसीटीच म्हणतो, १९३३ चा, तोही १९४३ मध्ये माटुंग्याला आला.

म्हणजे फोर्टात न मावलेलं विद्यापीठ आधी माटुंग्यात सांडलं. माझं लहानपण त्या परिसरात गेलं. संध्याकाळी प्रयोगशाळेचा वास आणि फाइव्ह गार्डन्समधल्या भेळेचा वास एकत्र यायचे. मला तर वाटतं की विद्यापीठ म्हणून मुंबईत सगळ्यात शहाणपणानं आखलेली जागा हीच. कॉलेजं वस्तीत आहेत, स्टेशनं चालत जाण्याइतकी जवळ आहेत, आणि आठ वाजता दरवाजा बंद झाला की सामसूम होणारं भलंमोठं आवार नाही. पण याला कुणी 'विद्यापीठ परिसर' म्हणत नाही, कारण कमान नाही.

---

जुना_कारकून

माटुंग्याबद्दल पूर्ण सहमत. कलिन्याबद्दल मी लिहितो, नोकरीचा बराच काळ तिथं गेला.

कलिना म्हणजे सरकारी दप्तरात कोळेकल्याण. 'विद्यानगरी' ही पाटी नंतरची, आणि बसच्या कंडक्टरखेरीज ते नाव कुणाच्या तोंडी नसायचं. दोनशेहून अधिक एकर जागा मिळाली. मिळाली म्हणजे काय, तर दुसऱ्या कुणाला तेव्हा ती नको होती. एका बाजूला विमानतळ, दुसरीकडे लष्कराची जागा, खाली मिठीच्या खाडीकडे जाणारी दलदल. पावसाळ्यात कुर्ला स्टेशनहून यायचं म्हणजे पँट गुडघ्यापर्यंत. विमान डोक्यावरून गेलं की प्राध्यापक वाक्य मधेच थांबवायचे, आणि ते गेलं की क्रियापद लावायचे. मुलांना सवय होती.

विमानतळाजवळ इमारतींच्या उंचीवर बंधनं असतात. त्यामुळे जमीन आहे म्हणून वर जाता येत नाही, आणि पसरायचं तर पैसा नाही. विभाग लांब लांब विखुरले. कँटीनला जायचं तर छत्री घेऊन मोहीम.

आणि गंमत बघा. एमएमआरडीएनं, म्हणजे महानगर विकास प्राधिकरणानं, १९७७ पासून त्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) वसवायला घेतलं. जी बाजू कुणाला नको होती तिथं हिरे बाजार आला, बँका आल्या. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता झाला, त्याचे पूल आवाराच्या कडेनं गेले. गावाबाहेरची जागा बघता बघता शहराच्या पोटात आली. पण आवाराची तोंडं आजही जुन्या रस्त्यांकडेच. बीकेसी एवढं जवळ असून चालत जाणारा माणूस दिसला तर मला सांगा.

माझी स्वतःची एक आठवण. एका विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जायला हवी होती. एक शहराच्या टोकाला, दुसरी उपनगरात. टपाल तीन आठवडे फिरत होतं. शेवटी मीच पिशवीत घालून लोकलनं नेली. साहेब म्हणाले, अशी पद्धत नाही. मी म्हटलं, लोकल ही पद्धतच आहे साहेब.

---

स्वच्छंदी_मी

काका _/\_ लोकल ही पद्धतच आहे!!

एक शंका. ओव्हलच्या पलीकडे त्या गोलाईच्या बाल्कन्यांच्या इमारती आहेत, त्या कधीच्या? त्यांच्यामुळे विद्यापीठाचा समुद्र गेला ना?

---

ओव्हलकाठी

हो, त्यांच्यामुळेच. म्हणजे त्यांच्याखालच्या भरावामुळे. बॅकबे बुजवायचा पहिला उद्योग १८६५ च्या पडझडीत बुडाला. दुसरा १९२० च्या दशकात झाला, आणि भरावाच्या जमिनीवर १९३० च्या दशकात आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट यांचं समुद्राकडचं तोंड आता समोरच्यांच्या बैठकीच्या खोल्यांकडे झालं. मधे मैदान मात्र राहिलं. एका बाजूला गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला डेको, अशा मिळून ९४ इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या.

यादीत गेल्यामुळे ही खुर्ची आता कायमची खिळली आहे. तिथं नवं काही बांधता येणार नाही, बांधूही नये. पण मला राहून राहून वाटतं की सभागृह वर्षातून काही दिवस वापरायचं आणि बाकी वेळ कुंपणाबाहेरून बघायचं, हे काही खरं नाही. वाचनालय निदान रोजच्या वापरात आहे. भाच्याला आत नेता आलं असतं, त्या गोल खिडकीतल्या काचेवरच्या बारा राशी दाखवता आल्या असत्या, तर त्यानं कदाचित 'वर्ग कुठे' विचारलंच नसतं.

---

जुना_कारकून

विचारलंच असतं. पोरगं हुशार दिसतंय.

---

मीनल_माटुंगा

मग एक दिवस भेटूयाच का? फोर्ट, मग माटुंगा, मग कलिना, एका दिवसात तिन्ही. चर्चगेटहून दादर, पूल ओलांडून मध्य रेल्वेनं माटुंगा, तिथून कुर्ला आणि पुढे बस. विद्यापीठ ज्या वाटेनं सरकलं त्याच वाटेनं.

---

विटीदांडू

पुणेकरांना परवानगी आहे का?

---

मीनल_माटुंगा

आहे. सायकल आणू नका.

---

कोल्हापुरी_ठसका

मी येतो, पण माटुंग्यात इडली खाल्ल्याशिवाय कलिन्याला हलणार नाही. आणि काका, पिशवी घेऊन या.